महाला किन्सीची घोटणी

मड लिकच्या वस्तीत एक कुजबूज बरीच वर्षं फिरत होती. महाला किन्सीनं अ‍ॅपल बटर घोटायचं यंत्र केलं ते म्हणे अब्राम फ्लोरीवर सूड उगवायला. तरुणपणी अब्रामनं काहिलीपाशी तिला एकटीला सोडलं, पुढच्याच आठवड्यात दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन एस्तर वॉम्प्लरबरोबर दांडा धरला, आणि महालानं तेव्हाच मनात गाठ मारली की या वस्तीत पुन्हा कुठल्या पोराला कुठल्या पोरीबरोबर दांडा धरायची वेळच येऊ द्यायची नाही. कुजबुजीला एक शेपूटही होतं: यंत्र फिरवणाऱ्या मेंढ्याचं नाव तिनं अब्राम ठेवलंय.

मेंढ्याचं नाव डिक होतं. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण बाकीच्याला वेळ लागेल.

दांडा धरणं म्हणजे काय, हे पूर्वी आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे. हल्लीची मुलं डब्यातलं बटर खातात, म्हणून सांगतो. या बटरात लोण्याचा थेंब नसतो. पानगळीच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी सगळ्या बायका जमून सफरचंदं सोलायच्या, फोडी करायच्या. सकाळी अंगणात जाळ करून त्यावर तांब्याची मोठी काहील चढायची. आधी सफरचंदाचा रस आटवायचा, मग त्यात फोडी सोडायच्या, आणि मग दिवेलागणीपर्यंत ते काळपट तपकिरी, घट्ट, चमच्याला चिकटेल असं होईस्तोवर घोटत राहायचं. थांबायचं नाही. थांबलं की तळाला लागलंच. तळाला लागू नये म्हणून कुणी आत तांब्याची नाणी टाकायचे, कुणी गुळगुळीत गोटे. घोटायची फळी भोकाभोकांची, आणि तिला काटकोनात बसवलेला दांडा इतका लांब की धूर आणि धग दोन्ही लांब राहावेत. असा दांडा एका माणसाला पेलत नाही. म्हणून दोघांनी धरायचा. आणि रिवाज असा की त्यातला एक मुलगा असावा आणि एक मुलगी.

आता आमची मंडळी म्हणजे डंकर, साध्या राहणीचा एक ख्रिस्ती पंथ. नाच नाही, नाटक नाही, वाद्य नाही, जत्रेत पाऊल टाकायचं नाही. आईबापांच्या डोळ्यांदेखत, भर उजेडात, तासन्‌तास एकमेकांच्या हाताशेजारी हात ठेवून उभं राहायची दुसरी सोय आमच्यात नव्हतीच. मड लिकमधली निम्मी लग्नं त्या दांड्यावर जमली. माझंही तिथंच जमलं. माझी बायको म्हणते की ती फक्त दांडा धरायला आली होती. असेल.

अशा गावात महालानं मेंढ्याकडून बटर घोटून घेतलं, तेव्हा गाव काय म्हणेल याचा विचार तिनं केला नव्हता. तो विचार करायची तिला सवयच नव्हती.

साल १९०९. महाला तेव्हा चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, उंच, हाडापेरानं रुंद. बाप लेव्ही किन्सी गाड्यांची चाकं करायचा. तो गेल्यावर त्याचं दुकान, ऐरण, रंधे सगळं तिच्याकडे आलं आणि तिनं ते वापरायला घेतलं. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारलंही नाही. तिच्या फाटकाला आपोआप बंद होणारा अडसर होता, कारण गड्यांना ‘फाटक लावा’ म्हणून ओरडायचा तिला कंटाळा. तिच्या तळघराच्या दाराला आतून एक फिरती फळी होती. दार उघडलं की बरण्या स्वतःहून पुढं यायच्या. शेजारच्या बायका ती बघायला जायच्या, आणि उगीच दोनदा दार उघडझाप करून यायच्या. बोलण्यापेक्षा खिळा ठोकणं तिला सोपं जाई. पण बोलली तर जे असेल ते.

माझं दुकान चौरस्त्यावर. एकदा ती साखर न्यायला आली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “यात वाळू आहे.”

“असेल एखादा खडा, महालाताई.”

“खडा नाही. वाळू.”

“गाडीतून येताना उडाली असेल.”

“पोत्याच्या आत?” एवढं विचारून, पिशवी रिकामी घेऊन ती निघून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, पुन्हा चव घेतली, म्हणाली, “आज नाही,” आणि दोन पौंड घेऊन गेली. राग नाही, टोमणा नाही. माणसाला यानं जास्त घाम फुटतो.

अब्राम फ्लोरी याच्या अगदी उलट. देखणा गडी, छातीपर्यंत रुळणारी दाढी, आवाज असा की भजनात बाकीचे गप्प बसून ऐकायचे. मंडळीचा सेवक म्हणून त्याची निवड झाली होती, म्हणजे आमच्यात वडिलांच्या, मंडळीच्या प्रमुखाला आम्ही वडील म्हणतो, त्यांच्या खालोखालचा मान. त्याला एकच खोड. बोलायला लागला की हातातलं काम विसरायचा. माझ्या दुकानात शेगडीपाशी बसून कॉफीचा कप उचलायचा, गोष्ट सुरू करायचा, आणि कप तसाच हवेत धरून ठेवायचा. गोष्ट संपेपर्यंत कॉफी गार, आणि मी ती परत ओतून पुढच्या माणसाला दिल्याची एक आवई गावात आहे. तिच्याबद्दल इथं काही बोलत नाही.

एस्तरशी लग्न होऊन त्याला चार मुली होत्या. चौघी लग्नाच्या वयात, एकीमागून एक. हे लक्षात ठेवा.

महालाचं यंत्र दिसायला ओबडधोबड. मक्याची कणसं सोलायच्या मोडक्या यंत्रातली दातेरी चाकं काढून तिनं काहिलीवर आडव्या पट्टीला बसवली होती. खाली दोन फळ्या. त्यांना मागून स्प्रिंग लावलेली, त्यामुळे फळ्या काहिलीच्या गोल बुडाला चिकटून, खरवडत फिरायच्या. ताक घुसळायला शेतावर मेंढ्याची जी चालती पायवाट असते, मेंढा चालत राहतो आणि पट्टा फिरत राहतो, तीच तिनं यंत्राला जोडली. त्या पानगळीत महाला अंगणात जाळाच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशा जागी, खुर्ची टाकून मोजे विणत बसली आणि डिक मेंढा बटर घोटत होता.

बघायला गाव लोटलं. डिकला काही वाटलं नाही. तो चालत राहिला.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग यंत्र उसनं जायला लागलं, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, सोबत मेंढाही. आणि तिसऱ्या-चौथ्या अंगणात पोरांच्या ध्यानात आलं की आपल्याला कुणी बोलावतच नाही. बोलावणार कशाला? दांडाच नाही. एस्तर फ्लोरी त्या दिवसांत माझ्या दुकानात आली ती डोक्यावरच्या बोनेटची फीत करकचून बांधून.

“ऐकलंस ना?” ती माझ्या बायकोला म्हणाली. “डेनलिंगरांच्या अंगणात काल बटर झालं. माणूस एक नाही. मेंढा.”

“बरंच झालं की गं. हात दुखत नाहीत.”

“तुला काय, तुझी पोरगी गेली दिल्या घरी. माझ्या चार आहेत. त्यांनी काय मेंढ्याशेजारी उभं राहायचं?”

“मेंढा काही वाईट नाही,” मी म्हटलं. “निदान गप्प असतो.”

एस्तरनं माझ्याकडे बघितलं नाही. “मला माहीत आहे तिनं हे कशासाठी केलंय,” ती बायकोला म्हणाली. “सगळ्या गावाला माहीत आहे.”

कुजबुजीला धार आली ती तिथून. आधी नुसती गंमत होती.

त्याच सुमारास, घरावर वीज पडू नये म्हणून छपरावर लावायचे लोखंडी दांडे विकणारा एक फिरता माणूस महालाच्या अंगणात तासभर बसला. बटर खाल्लं, वाहवा केली, आणि खिशातून कागद काढून यंत्राचं चित्र काढायला लागला. अंगठ्यानं मापंही घेतली. महालानं विचारलं, “कशाला हवंय?” तो म्हणाला, “असंच, आठवण.” महालानं त्याच्या हातातून कागद काढून घेतला, जाळात टाकला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी जोडून डेटन शहराला गेली, पेटंटवाल्या वकिलाकडे. ट्रस्कॉट नावाचा माणूस, चष्मा दोरीला बांधलेला. त्यानं सांगितलं की बाई, उद्या हे दुसऱ्या कुणी आपल्या नावावर केलं, तर तुमच्याच अंगणात तुमचंच यंत्र चालवायला त्याची परवानगी काढावी लागेल, नाहीतर कोर्टात भांडत बसावं लागेल.

कोर्टात जाणं आमच्या मंडळीत बसत नाही. महालाच्या स्वभावात परवानगी काढणंही बसत नव्हतं.

“घोटायची यंत्रं याआधीही लोकांनी केलीत,” ट्रस्कॉट म्हणाला. “तुमच्यात नवीन काय?”

“तळ.”

“म्हणजे?”

“त्यांची फिरतात. माझं तळापर्यंत जातं.”

ट्रस्कॉटनं कागद तयार केला, आणि तिथं गाडी अडली. कागदावर शपथ होती. आम्ही शपथ घेत नाही. ते सुटलं, कारण कायदाच म्हणतो की शपथेऐवजी ‘खरं सांगते’ म्हटलं तरी चालेल. पण पुढचं वाक्य अवघड होतं. या वस्तूची मूळ, पहिली आणि एकमेव कर्ती मी आहे, असं माझं खात्रीचं मत आहे. महालानं ते दोनदा वाचलं.

“पहिली? एकमेव?”

“तुम्हीच केलंत ना?”

“केलं मीच.”

“मग सही करा.”

“असं आमच्यात म्हणत नाहीत,” महाला म्हणाली आणि कागद घडी करून घरी घेऊन आली.

आमच्यात खरंच म्हणत नाहीत. कुणी उत्तम धान्य कोठारात भरलं तर ‘बरं आलं’ म्हणतो, ‘मी काढलं’ म्हणत नाही. गोधडीवर कुणी नाव विणत नाही. थडग्यावरसुद्धा अक्षरं बारीक. ‘मी पहिली आणि मी एकटी’ हे वाक्य मंडळीच्या बाईनं लिहून द्यायचं म्हणजे काय, हे शहरातल्या वकिलाला कळणार नव्हतं.

महालानं तो कागद सभेपुढे ठेवला. आमच्या मंडळीचे वडील जोनस गार्बर, म्हातारे, बुटके, एका कानानं कमी ऐकणारे. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग उपाय काढला. उपाय सगळ्यांना फार आवडला.

“यंत्र एकटीचं कसं म्हणायचं?” वडील म्हणाले. “चाकं मक्याच्या यंत्रातली, ते डेनलिंगरांचं. फळी वॉम्प्लरांच्या आजोबांनी कोरलेली. मेंढा गार्बरांच्या कळपातला. आपण सगळ्यांची नावं घालू.”

आणि घातली. मंडळीतल्या झाडून सगळ्या बाप्तिस्मा झालेल्या भाऊ-बहिणींची नावं त्या कागदावर गेली. वॉम्प्लरांचे आजोबा वारले होते, तरी त्यांचंही घातलं. माझं नाव बरंच वर होतं. मी खिळे उधार दिले होते. कुणीतरी मागच्या बाकावरून विचारलं की डिकचं राहिलं का, तेव्हा वडिलांनी ऐकू न आल्यासारखं केलं. कधी कधी त्यांना खरंच ऐकू यायचं नाही.

ट्रस्कॉट तो कागद वाचून म्हणे आधी हसला, मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग गंभीर झाला. त्यानं महालाला समजावलं: ज्यानं डोक्यातून काढलं त्याचंच नाव हवं. एक जरी फुकटचं नाव घुसलं, तरी पेटंटला काही अर्थ राहत नाही, उद्या कुणीही उपटून फेकेल. म्हणजे एकतर ‘मी एकटी’ म्हणायचं, नाहीतर सोडून द्यायचं. कागद पुन्हा घरी आला आणि घड्याळाखाली जाऊन बसला.

एवढ्यात प्रीतिभोजनाचे दिवस आले. वर्षातली आमची सगळ्यात मोठी संध्याकाळ. प्रार्थनाघरातल्या बाकांच्या पाठी उलटवून त्यांचीच टेबलं करायची, एका ताटात चौघांनी गोमांसाच्या रश्श्यात भिजवलेला पाव खायचा, त्याआधी एकमेकांचे पाय धुवायचे, पुसायचे आणि गालाचं चुंबन घ्यायचं. बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे. पण त्या टेबलावर बसायचं तर मनात कुणाविषयी अढी नको. म्हणून आधी सेवक जोडीनं घरोघरी जातात आणि तीन प्रश्न विचारतात. विश्वासात टिकून आहात ना? मंडळीत सगळ्यांशी तुमचं सख्य आहे ना? आणि पुढेही झटाल ना?

महालाच्या घरी त्या वर्षी जायची पाळी अब्रामची आली. बरोबरचा सेवक पीटर डेनलिंगर, त्यानंच मला पुढचं सांगितलं, आणि पीटर वाढवून सांगणाऱ्यांतला नाही. त्याला ते जमतच नाही.

महालानं दोघांना बसवलं, पाव आणि बटर पुढं ठेवलं. अब्रामनं पहिला प्रश्न विचारला, तिनं होकार दिला. दुसरा प्रश्न विचारताना अब्राम खाकरला.

“मंडळीत सगळ्यांशी तुमचं सख्य आहे ना, महालाबहीण?”

“आहे,” महाला म्हणाली. “तुमचं?”

हे विचारायचं नसतं. सेवकानं विचारायचं, घरच्यांनी सांगायचं. अब्राम बोलायला तोंड उघडून तसाच बसला, हातात पावाचा तुकडा. पीटर म्हणतो, अब्राम गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला. तिसरा प्रश्न शेवटी पीटरनंच विचारला.

अब्राम घरी जाऊन हे बोलला असणार, कारण एस्तर लगेच वडिलांकडे पोचली. तिचं म्हणणं सरळ होतं. महालानं यंत्र केलं ते अढीतून. अढी ठेवून माणूस प्रीतिभोजनाला बसू शकत नाही. आणि वर ती वकिलाला लिहून देणार की मी पहिली, मी एकटी. म्हणजे आधी अढी, वर गर्व. तिनं यंत्र मोडावं, कागद फाडावा, मगच टेबलाशी यावं.

वडिलांनी सभा बोलावली. महालापुढे दोनच वाटा होत्या. पेटंट सोडलं तर आज ना उद्या दांडेवाल्यासारखा कुणीतरी ते आपल्या नावावर करणार आणि बापाच्या दुकानात बसून केलेली वस्तू तिला परक्याकडे मागावी लागणार. नाही सोडलं, आणि तिनं अढी धरली असं मंडळीनं ठरवलं, तर त्या संध्याकाळी ती बाहेरच्या बाकावर. एकदा बाहेर बसलेली बाई मड लिकमध्ये पुढे कुणाच्या अंगणात बोलावली जात नाही. तिला दुसरं गाव नव्हतं, दुसरी माणसंही नव्हती.

सभेला प्रार्थनाघर भरलं होतं. दोन बाजूंना बायका आणि पुरुष. मी खांबाशेजारची जागा धरली, तिथून दोन्ही बाजू दिसतात.

एस्तर उठून बोलली. चांगलं बोलली. मुलींचंही बोलली, दांड्याचंही बोलली, आणि शेवटी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट स्पष्ट न सांगता सांगून खाली बसली.

वडील जोनस महालाला म्हणाले, “महाला, तू ते यंत्र का केलंस?”

महाला उभी राहिली. “बटर करपतं म्हणून.”

“मोठ्यानं बोल.”

“करपतं,” महाला मोठ्यानं म्हणाली. “दर वर्षी करपतं. मुलं दांडा धरतात आणि काहिलीकडे कुणी बघत नाही. मी लहानपणापासून करपलेलं बटर खातेय. तुम्हीही खाताय. मला वाटलं, एक वर्ष तरी न करपलेलं खाऊन बघावं.”

 आता हे असं होतं की त्या प्रार्थनाघरातल्या प्रत्येकानं आयुष्यभर करपलेलं बटर खाल्लं होतं, त्याच्या वासालाच आम्ही बटरचा वास समजत होतो, आणि तोंडातून कधी शब्द काढला नव्हता. काढणार कसा? ज्या वर्षी बटर सगळ्यात जास्त करपायचं, त्या वर्षी सगळ्यात जास्त लग्नं व्हायची. आईबापांना तो वास आला की बरं वाटायचं.

वडिलांनी घसा साफ केला. “आमच्याकडे या वर्षी तुझ्या यंत्रानंच केलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, काहीतरी कमी पडलंय त्यात.” मग त्यांनी पुरुषांच्या बाजूला बघितलं. “अब्राम, तू यावर काही बोलशील?”

अब्राम उठला. आम्हाला वाटलं, आता तासाची निश्चिंती.

“ती खरं बोलतेय,” अब्राम म्हणाला. “तिची माझ्यावर अढी नाही. अढी माझी होती. बाकीचं मी घरी एस्तरला सांगतो.” आणि बसला.

 एस्तरचा चेहरा मला तिच्या बोनेटमुळे दिसला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

वडील म्हणाले, “अढीचं झालं. राहिलं ते ‘एकटी’चं.” ते पुढे म्हणाले, “दोन वर्षांमागं माझं कोठार जळालं. कंदील गवतावर मी ठेवला होता. मी याच सभेत उभं राहून म्हटलं की हे मी एकट्यानं केलं. तेव्हा तुमच्यातलं कुणी म्हणालं नाही की जोनस गर्व करतो. कुणी म्हणालं नाही की आमचंही नाव घाल.”

“नाही म्हणालो,” पीटर डेनलिंगर म्हणाला.

“मग हिलाही म्हणू द्या.”

एवढ्यावर सभा उठली.

प्रीतिभोजनाला महाला आत बसली. बायका रांगेत जशा बसतात तशाच बसल्या, आणि पाय धुवायची पाळी आली तेव्हा तिच्या शेजारी एस्तर निघाली. ठरवून की योगायोगानं, ते मला ठाऊक नाही. माझी बायको म्हणते, एस्तरनं दोन बायकांना सरकवून ती जागा घेतली. एस्तरनं महालाचे पाय धुतले, पुसले, गालाचं चुंबन घेतलं. तिनं पुसायला जरा जास्त जोर लावला, असंही बायको म्हणते. 

पुढच्या आठवड्यात महालानं ट्रस्कॉटच्या कचेरीत जाऊन ‘पहिली आणि एकमेव’ या शब्दांखाली सही केली. यंत्राच्या चित्राखाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक वडील जोनसांची, दुसरी अब्राम फ्लोरीची. म्हणजे अब्रामचं नाव शेवटी त्या कागदावर गेलंच, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पेटंट वर्षभरानं आलं. चित्रात चाकं आहेत, स्प्रिंग आहे, काहील आहे, तळाला चिकटलेल्या दोन फळ्या आहेत. मेंढा नाही. ट्रस्कॉट म्हणाला, मेंढ्याचं पेटंट मिळत नाही.

डेटनच्या एका काहिलीवाल्यानं ती यंत्रं करून विकली. बरी विकली गेली, फार नाही. महाला तशीच राहिली, त्याच घरात, त्याच दुकानात. नंतर तिनं पाव कापायच्या सुरीला जाडी सारखी ठेवणारी एक पट्टी केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला एक दार केलं, पण त्यांच्या पेटंटसाठी ती डेटनला गेली नाही. माझ्या साखरेची चव ती शेवटपर्यंत घेत होती. डिक म्हातारपणानं मेला, चालता चालता, पण ते चालणं कुरणातलं होतं.

एस्तरनं आपल्या मुलींची सोय स्वतःच लावली. मोठी काहील यंत्रावर चढली की शेजारी एक लहान काहील वेगळी मांडायची, जुना दांडा लावून, पोरांसाठी. तिच्यातलं बटर खायला नव्हतंच, करपायला होतं. वर्षभरात गावात सगळ्यांनी तो रिवाज धरला. फ्लोरींच्या चौघी मुली लहान काहिलीवर उजवल्या, आणि तिसरीच्या वेळी धूर इतका झाला की डेनलिंगर बादल्या घेऊन धावत आले.

राहिली कुजबूज. अब्रामनं घरी एस्तरला जे सांगितलं ते एस्तरनं माझ्या बायकोला सांगितलं, कुणाला न सांगायच्या बोलीवर, आणि पुढं व्हायचं तेच झालं.

अब्रामनं महालाला सोडलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या बापाच्या अंगणात दोघं दांड्यावर होती. अब्राम गोष्ट सांगत होता, सांगता सांगता त्याचा हात थांबला, आणि सगळी काहील तळापासून करपली. महाला म्हणाली, “तुझ्यामुळे करपली.” तो म्हणाला, “दोघांमुळे म्हण.” ती नाही म्हणाली. तो दांडा टाकून घरी गेला आणि परत आला नाही. तिनं दुसऱ्या दिवशी काहील घासायला घेतली.